तीस दिवसांच्या आत

१३ मे २०२४, सोमवार. दुपारी साडेचारच्या सुमारास मुंबईवर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपर पूर्वेला छेडानगरजवळ, पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला. त्याखाली सापडून १७ माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. फलक १२० फूट उंच आणि १२० फूट रुंद होता. महापालिकेच्या नियमात बसणारा कमाल आकार ४० बाय ४० फूट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. महापालिकेचं म्हणणं, आमची परवानगीच घेतलेली नव्हती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जागा रेल्वेशी निगडित, तिथे महापालिकेची परवानगी लागत नाही. चौकशी समिती नेमली गेली, अटक झाली, लोहमार्ग पोलिसांचे तत्कालीन आयुक्त निलंबित झाले.

दुर्घटनेनंतरच्या दोन आठवड्यांत वर्तमानपत्रांतून जे जे बाहेर आलं, म्हणजे परवानगी कोणी दिली, आकार किती मंजूर होता, पालिकेने नोटिसा कधी पाठवल्या, ते सगळं १३ मेच्या आधीही कुठल्या ना कुठल्या नस्तीत लावलेलं होतं. त्या पंपावर रोज पेट्रोल भरणाऱ्याला आणि समोरच्या सोसायटीत राहणाऱ्याला ते पाहायचा कायदेशीर हक्क होता. हक्क होता, पण कागद त्यांच्यापर्यंत पोचला नाही. उपनगरातल्या माणसाच्या दृष्टीने माहितीच्या अधिकाराची खरी कसोटी इथे लागते. माहिती मिळते की नाही हा अर्धाच प्रश्न आहे. काही करता येण्याजोगं असतानाच ती मिळते का, हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा.

छेडानगरच्या रहिवाशाने अर्ज करायचा ठरवला असता, तर कुठे? महापालिकेच्या एन विभागात, लोहमार्ग पोलिसांकडे, रेल्वेकडे की पंप चालवणाऱ्या तेल कंपनीकडे? बहुतेक माणसं इथेच थबकतात आणि नाद सोडतात. कायदा करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) प्रमाणे, अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणं ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणून अर्ज परत करता येत नाही. पाणी एकाचं, रस्ता दुसऱ्याचा, नाला तिसऱ्याचा आणि जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, अशा उपनगरांत हे छोटं पोटकलम सोन्याच्या मोलाचं आहे.

हा हक्क आला कुठून? संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. माहितीचा वेगळा उल्लेख तिथे नाही. १९७५ साली राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सार्वजनिक अधिकारी सार्वजनिक कामात जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे आणि तो अभिव्यक्ती स्वातंत्र्यातूनच निघतो. ज्याला काही ठाऊकच नाही, तो बोलणार तरी कशाबद्दल? १९८६ मध्ये पुणे कॅन्टोन्मेंटमधल्या बांधकाम परवानग्यांवरून बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही मुंबईची संस्था उच्च न्यायालयात गेली आणि नागरिकांच्या संस्थांना असे कागद पाहता येतील, हे तिने मिळवलं. माहितीचा कायदा देशभर येण्याच्या एकोणीस वर्षं आधीची ही गोष्ट. त्यानंतर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आला. तो नीट अमलात यावा म्हणून अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. त्याच सुमारास मुंबईच्या शैलेश गांधींनी, पोलिसांच्या बदल्यांसाठी कोणकोणत्या राजकारण्यांनी शिफारशी केल्या, हे विचारून कायद्याची धार दाखवून दिली. पुढे ते केंद्रीय माहिती आयुक्त झाले. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला आणि राज्याचा कायदा त्यात विरून गेला.

या कायद्याबद्दल बोलताना आपण लगेच अर्जावर येतो. खरं तर कायद्याचा कणा कलम ४ मध्ये आहे. कोणी विचारो न विचारो, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा प्रकारची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आहे: अंदाजपत्रक, खर्च, अधिकाऱ्यांचे अधिकार, दिलेले परवाने, सवलती घेणाऱ्यांचा तपशील. पुढची दोन पोटकलमं त्याहून मोलाची. लोकांवर परिणाम करणारं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती मांडायची, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यायची. कलम ४ मनापासून पाळलं गेलं असतं, तर फलकाची परवानगी आणि त्याच्या मजबुतीचा दाखला छेडानगरच्या रहिवाशाला न मागता पाहता आला असता. अर्ज करायची वेळ येते, याचाच अर्थ पहिली जबाबदारी पार पडलेली नाही.

तरी अर्ज करावा लागतोच, म्हणून थोडं कामाचं. साध्या कागदावर जोडपत्र ‘अ’चा नमुना लिहायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि पोच घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही. कोणी विचारलं तरी सांगू नका. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये एक बंधन घातलं: एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत. त्यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्तच होती, कारण ज्याला लिहायची सवय नाही त्याचीच यात जास्त अडचण होते. पण बहुतेक अर्ज फसतात ते वेगळ्याच कारणाने. माणसं ‘का’ विचारतात. ‘आमच्या गल्लीतला रस्ता दर पावसाळ्यात का उखडतो?’ या प्रश्नाला अधिकाऱ्याने उत्तर द्यायला हवं असं मलाही वाटतं, पण या कायद्याखाली मिळते ती कागदावर अस्तित्वात असलेली माहिती. म्हणून कागदच मागायचे: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं, ठेकेदाराची हमी किती वर्षांची आहे ते कलम, अदा केलेली देयकं. ही चार कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवली, की ‘का’चं उत्तर आपोआप पुढे येतं. शिवाय कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. रस्त्यावर ओतलेल्या काँक्रीटचा नमुना नागरिक मागू शकतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

आणखी एक दार फारसं कोणी ठोठावत नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. अर्ज नको, तीस दिवस थांबणं नको. मुलुंडच्या टी विभागात किंवा बोरिवलीच्या आर मध्य विभागात सोमवारी दुपारी पाचदहा माणसं नियमाने जाऊन बसू लागली, तर कार्यालयाला नस्त्या नीट लावून ठेवाव्या लागतील. ‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर उपनगरांतल्या वॉर्ड ऑफिसांत फार ऐकू येतं. त्यावरही उपाय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नस्ती सापडत नसेल तर ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती आणि हरवल्याची तक्रार दिली का, एवढाच पुढचा अर्ज करावा. त्यानंतर नस्त्या सापडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी आरेची हकिकत सांगायला हवी, आणि तिच्या आधी विकास आराखड्याची.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा ठरत होता. वीस वर्षं शहरात कुठे बाग राहील, कुठे शाळा, कुठून रस्ता जाईल, हे सांगणारा हा दस्तऐवज. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. कायद्याने हरकती आणि सूचनांसाठी साठ दिवस दिले होते. अंधेरी, जुहू, बोरिवली, घाटकोपर इथल्या लोकांनी आपापल्या भागाचे नकाशे उघडून पाहिले. उभ्या इमारतींमधून रस्ते गेले होते. वारसा वास्तू गायब होत्या. आरे वसाहतीत बांधकामाला वाट करून देणारे प्रस्ताव होते. ज्याने पन्नास वर्षं त्या गल्लीत काढली, त्याला नकाशातली चूक दिसायला नगररचनेची पदवी लागत नाही. घाटकोपरला जोशी लेनच्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात गल्लीची स्वच्छता आपल्या हातात घेतली आणि त्यातून पालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापनाची (एएलएम) योजना उभी राहिली होती. उपनगरांत अशी मंडळं, एएलएम, गल्लोगल्ली होती. आराखडा वाचायला तीच पुढे आली. हजारो हरकती गेल्या, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं दिली, आणि २१ एप्रिल २०१५ रोजी मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. अंतिम आराखड्यावरही वाद राहिले. पण चुकांनी भरलेला एक दस्तऐवज शहराच्या माथी बसला नाही, याचं श्रेय त्या साठ दिवसांना आणि त्या दिवसांत नकाशे वाचणाऱ्यांना आहे.

चार वर्षांनी, गोरेगावच्या त्याच आरेत, मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडं हटवायचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे आला. काही तोडायची, काही दुसरीकडे लावायची. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार हरकती मागवल्या गेल्या. ८२ हजारांहून अधिक आल्या. २९ ऑगस्ट २०१९ रोजी प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. माणसं धावत आली, जमावबंदी लागू झाली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तेव्हा २,१४१ झाडं पडलेली होती.

त्या तीन दिवसांत एका तारखेवरून मोठा वाद झाला. नागरिक म्हणत होते, परवानगी लोकांना दिसेल अशी प्रसिद्ध झाल्यावर पंधरा दिवस थांबायला हवं. ती आमच्यापर्यंत आलीच नाही. मेट्रो महामंडळ म्हणत होतं, परवानगी १३ सप्टेंबरची आहे, पंधरा दिवस २८ सप्टेंबरला संपले. कारशेड आरेतच असावी की नाही यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. मेट्रोची गरज मी नाकारत नाही. पण परवानगीवरची तारीख आणि ती लोकांना दिसल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत पहिल्या तारखेपासून मोजली, तर दाद मागण्याचा हक्क कागदावरच राहतो. आणि ८२ हजार हरकती? त्यांतल्या प्रत्येक मुद्द्याचं काय झालं, कोणता मान्य झाला, कोणता का फेटाळला, हे हरकत घेणाऱ्याला कळायला हवं होतं. कलम ४ त्याच कारणांबद्दल बोलतं. हरकत नोंदवून घेणं आणि हरकत ऐकणं यांत जे अंतर आहे, त्यात आरेतली झाडं गेली.

आकडा वेळेवर बाहेर आला आणि माणसांचे जीव वाचायला मदत झाली, असंही उपनगरांत घडलेलं आहे. १९८९ मध्ये बोरिवलीजवळ रेल्वे अपघातात समीर झवेरी यांनी दोन्ही पाय गमावले. पुढे त्यांनी लोहमार्ग पोलिसांकडून माहिती अधिकारात अपघातांचे आकडे मागायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं मागत राहिले. मुंबईच्या लोकल मार्गावर वर्षाकाठी हजारो माणसं मरतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. त्यामागे अशा अर्जांची मोठी मेहनत आहे. कुठल्या स्थानकांदरम्यान किती, रूळ ओलांडताना किती, गाडीतून पडून किती, ही फोड हाती आल्यावरच न्यायालयात बोलता आलं. झवेरींच्या जनहित याचिकेवर स्थानकांत रुग्णवाहिका आणि तातडीच्या उपचारांची सोय ठेवण्याचे आदेश निघाले. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात सोळा वर्षांची एक मुलगी फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत सापडून दोन्ही हात गमावून बसली. फलाटांच्या कमी उंचीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि ती ९०० मिलिमीटरच्या पुढे नेण्याचं काम रेल्वेला हाती घ्यावं लागलं. पोकळी किती इंच आहे हे रोजच्या प्रवाशाला पायाने माहीत होतंच. ती कुठल्या स्थानकात किती, हे कागदावर यायला एका मुलीचे हात जावे लागले.

अंधेरीला ३ जुलै २०१८ रोजी गोखले पुलाचा पादचारी भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला, पाच जण जखमी झाले, त्यांपैकी दोघे नंतर गेले. पुलाची देखभाल रेल्वेची की पालिकेची, हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला. माझं म्हणणं इतकंच, की पुलांच्या तपासणीचे अहवाल पुलाखालून जाणाऱ्यांना आधीच वाचता यायला हवेत.

कागद हातात आला, पण त्याबद्दल बोलायची भीती वाटत असेल तर? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद ठेवण्याबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते पसंत केलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्यांची चित्रं आदल्या डिसेंबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर, भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या वेळी झळकली होती. दोन्ही प्रकरणांतून निघालेल्या याचिकांचे निकाल मार्च २०१५ मध्ये, आठवड्याभराच्या अंतराने लागले. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्चला सांगितलं, की त्रिवेदींच्या चित्रांत हिंसेला चिथावणी नव्हती, आणि राजद्रोहाचं कलम लावण्याआधी पोलिसांनी विधी अधिकाऱ्याचं लेखी मत घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्चला श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क रद्द केलं. त्या याचिकेला निमित्त पालघरचं होतं. मुंबई महानगराच्या परिघातल्या दोन घटनांनी देशभराच्या अभिव्यक्तीची हद्द नव्याने आखली गेली.

माहिती मागणाऱ्याला याहून मोठी किंमतही मोजावी लागली आहे. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे जमिनींच्या व्यवहारांचा पाठपुरावा करणारे सतीश शेट्टी यांचा खून झाला. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी सांताक्रूझच्या कालिन्यात भूपेंद्र वीरा यांना राहत्या घरात गोळी घालून मारलं गेलं. ते अनधिकृत बांधकामांविरुद्ध अर्ज आणि तक्रारी करत होते. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने केला. तो आजवर अमलात आलेला नाही. म्हणून एकट्याच्या नावाने एकट्याने लढू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. सोसायटीतल्या, मंडळातल्या पाच जणांनी तोच अर्ज आपापल्या नावाने करावा, आणि मिळालेली माहिती लगेच सगळ्यांच्या हाती द्यावी. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट दाबण्यासाठी एकाला गाठून उपयोग नसतो.

दुसऱ्या अपिलाची वाट मात्र लांबत चालली आहे. राज्य माहिती आयोगापुढे २०२४ च्या सुमारास एक लाखाहून अधिक अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. देशात सर्वांत जास्त. आयुक्तांची पदं रिकामी राहतात, सुनावणी वर्ष-दीड वर्षाने लागते. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. जाहिरात फलकाचा कागद मागणाऱ्याला दोन वर्षांनी प्रत देऊन काय करायचं?

आणि आता कलम ८(१)(ञ). मूळ कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला दाखवावं लागे, की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आघात होतो. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही त्याला जोडलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून टाकलं आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण ठेवलं. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला.

उपनगरांत याचा अर्थ काय होतो, ते झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत दिसतं. योजनेत कोणाला घर मिळणार, हे परिशिष्ट-२ नावाच्या यादीवर ठरतं. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, कांदिवली, जिथे जिथे योजना आहे तिथे खरा रहिवासी बाहेर आणि कधी न पाहिलेला माणूस आत, अशा तक्रारी असतात. ही लबाडी पकडायची तर यादीतली नावं, पात्रतेसाठी दिलेले पुरावे आणि ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा बघावा लागतो. ही सगळी वैयक्तिक माहिती आहे आणि ही सगळी सार्वजनिक निर्णयाचा पायाही आहे. नकार देणाऱ्याचं काम आता सोपं झालं आहे. पण कलम ८(२) अजून शाबूत आहे: माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित अपायापेक्षा मोठं असेल तर ती देता येते. म्हणून परिशिष्ट-२ चे कागद मागताना ८(२) चा उल्लेख अर्जातच करावा, योजनेचं नाव, पात्र झोपड्यांची संख्या आणि संशय नेमका कुठे आहे ते दोन ओळींत लिहावं, आणि यादीच्या मसुद्यावर हरकतींची मुदत संपण्याआधी अर्ज द्यावा. प्रारूप यादी सूचना फलकावर लागते. ती लागली त्याच दिवशी, तारखेसकट तिचा फोटो काढून ठेवावा.